चार दिवसांच्या बोलीवर आणलेला कॅमेरा

गुरुवार, १७ जुलै : नळदुर्ग

हजर : मी, वैजयंती, वय एक्कावन्न, संस्थेची साहित्यखरेदी आणि नोंदी माझ्याकडे. शरयू, आमची छायाचित्रकार, वय अठ्ठावीस. अन्वरभाई, सोलापूरहून ठरवलेल्या गाडीचे चालक. आणि एक वापरलेला, व्यावसायिक दर्जाचा डीएसएलआर कॅमेरा, सोलापूरच्या एका दुकानातून चार दिवसांच्या बोलीवर घेतलेला. पसंत पडला तर विकत घ्यायचा, नाही तर रविवारी परत द्यायचा.

आमची संस्था पुण्यात आहे. जुन्या विहिरी, बारवा, किल्ल्यांतली पाण्याची बांधकामं यांचे फोटो आणि छोट्या चित्रफिती करून ठेवणं हे तिचं काम. आधीचा कॅमेरा मे महिन्यात कायमचा बंद पडला आणि नवा त्याच तोडीचा घेणं झेपणारं नव्हतं. दुकानाच्या थंड हवेत कॅमेरा पारखता येत नाही, असं माझं मत आहे. म्हणून बावीस मुद्द्यांचा तक्ता आखला आणि चाचणीसाठी धाराशिव जिल्हा निवडला. तिथे ऊन, धूळ, काळोख आणि दगड सगळं एका दिवसाच्या टप्प्यात मिळतं.

दुकानदार म्हणाला होता, "एका हौशी डॉक्टरांचा आहे मॅडम. कपाटातच असायचा." मी मूळ मालकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स मागितली. त्याने कुरकुर करत दिली. मी ती फाईलला लावली आणि यादीतल्या त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. कागद मिळाला की खूण करायची, ही माझी पद्धत. कागद वाचला का, असा रकाना माझ्या यादीत नव्हता. पुढे जे झालं त्याची सुरुवात इथे आहे, म्हणून ही कबुली आधीच देते.

नळदुर्गला पोचलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याखालीच अडलेलं. किल्ल्यात बोरी नदीवर जो बांध आहे, त्याच्या पोटात पाणी महाल. पाणी अजून सांडव्यापर्यंत चढलं नव्हतं, त्यामुळे धबधबे नव्हते, पण आमच्या कामाला ते बरंच होतं. बांधाच्या आत उतरलं की डोळ्यांना काही दिसेनासं होतं आणि मग हळूहळू एकेक कमान उजळत जाते. शरयूने तिथे तिपाईशिवाय फोटो काढले. दगडाचा पोत उत्तम आला, अंधाऱ्या भागात चित्राचे कण फुटले ते सोसण्याइतके. मुद्दा सहा, उत्तीर्ण. व्हिडिओत मात्र कॅमेरा फोकस शोधत पुढे-मागे डोलायचा. शरयूने हाताने फोकस करून चित्रण केलं ते सुरेख झालं. बाहेर वारा इतका होता की चित्रफितीत आवाज म्हणून फक्त वारा मिळाला. त्याच वाऱ्याने वरच्या बुरुजावर माझ्या तक्त्याचं दुसरं पान खंदकात नेलं. मी तिथेच बसून पान पुन्हा आखलं.

किल्ल्यात गवत कापायला आलेले मारुतीकाका बराच वेळ आमच्याकडे बघत होते. शेवटी विळा खांद्याला लावून जवळ आले.

"हे केवढ्या वजनाचं हाय?"

"दीड किलो असेल."

"माझ्या नातवाच्या मोबाईलात चंद्रावरले खड्डे दिसत्यात. ह्यात काय दिसतंय?"

शरयू म्हणाली, "बसा काका, तुमचाच काढते."

ते पागोटं सारखं करून कमानीखाली बसले. फोटो मोठा करून पाहिला तर काकांचा कान केसाकेसासह स्पष्ट आणि डोळे मऊ, धुरकट. पुन्हा काढला, पुन्हा तेच. फोकस बोटभर मागे जात होता. काका स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाले, "कान झ्याक आलाय. ऐकू येत न्हाय तेवढं सोडा." मी मुद्दा चारपुढे प्रश्नचिन्ह केलं.

आणखी दोन खटकणाऱ्या गोष्टी त्याच दिवशी नोंदवल्या. आभाळाच्या फोटोंत एकाच जागी बारीक डाग येत होते, म्हणजे आत धूळ होती. आणि बॅटरी बदलताना कप्प्यातून ज्वारीचा एक दाणा माझ्या तळहातावर पडला. हौशी डॉक्टरांच्या कपाटात ज्वारी कुठून आली, असं मला वाटलं. मी ते लिहून ठेवलं आणि आम्ही जेवायला गेलो.

ढाब्यावर कडक भाकरी, शेंगांची चटणी दह्यात कालवलेली आणि डाळीचं घट्ट वरण. पुण्यात वाढणारा "आणखी?" असं विचारतो आणि आपण नको म्हणतो. इथे विचारत नाहीत, भाकरी ताटात पडलेली असते. शरयूने तीन खाल्ल्या आणि गाडीत झोपली.

शुक्रवार, १८ जुलै : तुळजापूर

मंदिरात फोटो काढू देत नाहीत. कॅमेरा अन्वरभाईंजवळ ठेवून आम्ही दर्शन घेतलं आणि मग बाहेरच्या रस्त्यावर कामाला लागलो. कवड्यांच्या माळा, परड्या आणि परातीत कळसासारखे रचलेले कुंकवाचे ढीग. लाल रंग ही कॅमेऱ्याची खरी परीक्षा असते. बरेच कॅमेरे लालाचा नुसता ठिपका करतात, त्यात उतार दिसत नाही, दाणा दिसत नाही. ह्या कॅमेऱ्याने कुंकवावर उमटलेलं बोट दाखवलं. मुद्दा नऊ, उत्तमपैकी उत्तम.

कुंकू विकणाऱ्या बाईंनी फोटो काढून होईपर्यंत काही म्हटलं नाही. झाल्यावर पुडी बांधायला घेतली.

"अहो, मी मागितली नाही."

"ढिगाचा फोटो काढला की पुडी घ्यावी लागती. हितली रीत हाय."

"कधीपासून?"

"आत्तापासून," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. पुडी घेतली.

अकराच्या सुमाराला लॉजवर येऊन शरयूने फोटो लॅपटॉपवर उतरवले. प्रत्येक फोटोबरोबर काही माहिती आपोआप नोंदली जाते : वेळ, भिंगाची जात वगैरे. एका खास प्रोग्रॅमने, कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, आजवर किती वेळा उघडला तेही कळतं. शरयूने आकडा वाचला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. दोन लाखांच्या वर. कपाटात बसून कुठल्याही कॅमेऱ्याचा पडदा दोन लाख वेळा उघडत नाही. हा लग्नांत राबलेला कॅमेरा होता.

"आणि हे बघा ताई."

छायाचित्रकाराच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं : महादेव बी. बिराजदार, उमरगा. खाली मोबाईल नंबर. विकणाऱ्याने किंवा दुकानदाराने कॅमेऱ्याच्या सगळ्या सेटिंग पुसल्या होत्या, पण मालकाचं नाव पुसायची आज्ञा वेगळी द्यावी लागते, ती द्यायची राहिली होती. म्हणजे कालपासून आम्ही काढलेल्या प्रत्येक फोटोवर ह्या माणसाचं नाव होतं.

आता मी फाईलमधली झेरॉक्स पहिल्यांदा वाचली. बसवंत शरणप्पा बिराजदार, उमरगा. फोटोत एक म्हातारे गृहस्थ, टोपी, मिशा. महादेव बी. म्हणजे महादेव बसवंत. वडिलांनी मुलाचा कॅमेरा विकला, इतकं साधं. डॉक्टर खोटे निघाले एवढंच. पडदा कधी बदलून घेतला होता का हे विचारावं, म्हणून मी नंबर लावला.

माझी ओळख सांगितली, कॅमेऱ्याचं नाव सांगितलं. पलीकडे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"कुठला कॅमेरा म्हणलात?"

मी कॅमेऱ्याच्या बुडाला छापलेला नंबर वाचून दाखवला.

"बाई, तो कॅमेरा चोरीला गेलाय. दोन वर्षं झाली."

मी हातातल्या झेरॉक्सकडे पाहिलं.

"कुणी चोरला ते बी ठावं हाय मला," तो शांतपणे म्हणाला. "माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं. सोलापूरला विकला व्हय त्यानं? दोन वर्षं वाट बघतोय मी, कुठनंतरी निघंल म्हणून."

"मी उद्या उमरग्याला येते," एवढं बोलून फोन ठेवला आणि पलंगावर बसले. शरयू काय झालं म्हणून विचारत होती, तर मी तिच्यापुढे नुसती झेरॉक्स धरली.

अन्वरभाईंचं मत स्वच्छ होतं. "मॅडम, कॅमेरा दुकानात टाका आणि पुण्याला चला. घर का मामला. त्यात बाहेरच्यानं हात घातला की हातच भाजतो."

त्यांचं खरं होतं. पण एक माणूस दोन वर्षं चोर म्हणून जगत होता आणि तो चोर नाही हे सांगणारा कागद माझ्या फाईलमध्ये, आठव्या क्रमांकाला, पंच करून लावलेला होता. तो तिथे ठेवून मला पुण्याला जाता आलं नसतं.

शनिवार, १९ जुलै : उमरगा

उमरगा हे ट्रकचं गाव. सोलापूर-हैदराबाद रस्ता मधून जातो, दोन्ही बाजूंना टायरवाले, दवाखाने, फळांच्या गाड्या. बोलण्यात अधूनमधून कानडी. वाटेत मी मनाशी क्रम ठरवला होता. आधी म्हाताऱ्यांना एकट्याला गाठायचं, कागद दाखवायचा, त्यांना स्वतः बोलायची संधी द्यायची. मग मुलगा.

क्रम पहिल्या मिनिटालाच मोडला. स्टुडिओ म्हणजे रस्त्यावरची एकच खोली, मागे घर. महादेव पस्तिशीचा, नीटनेटका, पायरीवरच उभा. आत काउंटरमागे स्टुलावर झेरॉक्समधले बसवंत, घरच्यांचे आप्पा, बसलेले, पासपोर्ट फोटो कापत. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं, शरयूच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कापायला लागले.

महादेवने कॅमेरा दोन्ही हातांत घेतला. उजव्या अंगठ्याच्या जागी रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. त्याने तिथे अंगठा ठेवला, तो बरोबर बसला. माळ्यावरून त्याने मूळ खोका काढला, नंबर ताडून पाहिला. सगळं बरोबर होतं.

त्याची बायको सुशीला घेऊन आली. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ, वर शेंगदाण्याचं कूट. आपल्याकडे कामाचं बोलणं आधी होतं आणि खाणं नंतर. इथे पाहुण्याचं ताट रिकामं झाल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत. मीही ते ताट संपवलं.

मग महादेवने सांगितलं. "लग्न हुतं हितंच, हॉलमदी. फोटोला माझा मेहुणा शिवराज, व्हिडिओला मी. आप्पा बी आले हुते, पाव्हणेच की. जेवणाच्या येळंला बॅग शिवराजकडं दिली. हात धुऊन आलो तर बॅग हाय, आत कॅमेरा न्हाय. आठ दिवसांनी मला हैदराबादला जायचं हुतं. मोठ्या लग्नांची कामं करणारे लोक, पण कॅमेरा आपला पाह्यजे ही अट. मी भडकलो. मंडपातच बोललो त्याला, बॅग तुझ्याकडं हुती, तूच काढलास. चारशे माणूस ऐकत हुतं."

"त्याने काय म्हटलं?"

"काय न्हाय. गळ्यातला दुसरा कॅमेरा काढून खुर्चीवर ठेवला, माझ्या बहिणीला पंगतीतनं उठवलं आन् गेला. फोटोचा धंदा बी सोडला त्यानं. आता आपल्याच जिल्ह्यात, वाशीजवळ खव्याची भट्टी हाय त्याची. दोन पंचम्या झाल्या, महानंदा माहेराला आली न्हाय." तो माझ्याकडे वळला. "दुकानदारानं कुणाकडनं घेतला, कागद असंल की."

"आहे," मी म्हटलं. फाईल माझ्या मांडीवर होती. मी आप्पांकडे पाहिलं नसतं तर बरं झालं असतं, पण पाहिलं गेलं.

आप्पांची कात्री चालूच होती. "द्या की बाई," ते म्हणाले. "त्याच्यावर माझंच नाव हाय."

महादेव हसला. "आप्पा, चेष्टेची येळ न्हाय ही."

मी कागद काढून दिला. त्याने वाचला. उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला. काउंटरवर बत्तीस पासपोर्ट फोटो एका ओळीत मांडलेले होते. मी ते मोजले, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते मला कळेना.

"कोठीत हुता," आप्पा म्हणाले. "ज्वारीच्या. तळाला, फडक्यात गुंडाळून. औंदा उन्हाळ्यात सुनेनं कोठी उपसायला काढली, मग ठेवायचा कुठं? सोलापूरला गेलो. त्यानं कार्ड मागितलं, दिलं. दुसऱ्याचं कुठनं आणू?"

दारातून महादेवची बायको म्हणाली, "मी म्हणलं हुतं, मी काढते ज्वारी. तर आप्पा म्हणले, तू राहू दे, कंबर दुखंल तुझी." तिचा हात तोंडावर होता.

"दोन वर्षं," महादेव म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "दोन वर्षं मी त्या कोठीतली भाकरी खाल्ली."

"तू हैदराबादला गेला असतास तर माघारी आला नसतास. तुझा चुलता गेला, आला का? मला वाटलं, कॅमेरा न्हाय तर जाणं न्हाय. आठ दिवस चिडशील, मग गप बसशील. तू जावयाचं नाव घेशील हे मला काय ठावं."

"मग तवाच का न्हाय बोललात?"

आता कात्री थांबली. "मंडपात माणूस लई हुतं. दुसऱ्या दिशी बोलणार हुतो. पर दुसऱ्या दिशी, काल का न्हाय बोललो ते बी सांगाय लागलं असतं. मग रोज एक दिवस वाढत गेला."

मी गेली पंचवीस वर्षं हिशेबनीस, पुरवठादार, ठेकेदार यांच्याशी व्यवहार केले आहेत. लबाडी मला ओळखता येते. चोर खोटं नाव देतो, खोटं कार्ड देतो, हे धरूनच मी याद्या करते. हा माणूस स्वतःचं खरं नाव लिहून देऊन आला होता आणि मग घरी बसून, कुणी येतंय का, याची वाट बघत पासपोर्ट फोटो कापत होता. असा मुद्दा माझ्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही. मी अजूनही त्या धक्क्यातून बाहेर आलेली नाही, हे प्रामाणिकपणे लिहिते.

निघताना महादेव गाडीपर्यंत आला. कॅमेरा त्याने परत शरयूच्या गळ्यात घातला होता, कारण तो मी दुकानदाराला सही देऊन आणला होता आणि ते त्याला समजत होतं. "सोलापूरच्या दुकानाचं मी बघतो, सोमवारी जातो," तो म्हणाला. मग खिडकीशी वाकला. "बाई, पुण्याला जाताना वाशीवरनं जाता येतं. हा कागद शिवराजला दाखवाल का? माझा फोन तो उचलत न्हाय. उचलला तर मी काय बोलू?"

अन्वरभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी पत्ता लिहून घेतला.

रविवार, २० जुलै : वाशी

येरमाळ्याच्या पुढे बालाघाटाचे डोंगर जवळ येतात आणि हवेत दुधाचा वास सुरू होतो. ह्या भागात गावोगाव खव्याच्या भट्ट्या आहेत. वाशीच्या अलीकडच्या एका वस्तीवर पत्र्याच्या शेडमध्ये शिवराज सापडला. चार कढया, चारही उकळत्या, आणि तो एका लांब दांड्याच्या उलथन्याने एकामागून एक ढवळत होता.

मी नाव सांगितलं, कुठून आले ते सांगितलं. उमरगा म्हटल्यावर त्याचा हात थांबला नाही, पण तो माझ्याकडे बघायचा बंद झाला.

"खवा उतरू द्या," तो म्हणाला. "आता सोडला तर चारी कढया लागतील."

त्याची बायको महानंदा चहा घेऊन आली. भावासारखाच चेहरा. तिनेही काही विचारलं नाही. पाऊण तास आम्ही बाजेवर बसून होतो, मांडीवर फाईल. शेवटी त्याने कढया उतरवल्या, खव्याचे गोळे थापून फडक्यावर ठेवले, हात धुतले.

मी दोघांपुढे कागद ठेवला आणि सगळं क्रमाने सांगितलं : नाव, झेरॉक्स, कोठी, आप्पांचं बोलणं. न वाढवता, न कमी करता. शिवराजने कागद वाचून खाली ठेवला. मग त्याने शरयूकडे हात केला आणि तिने कॅमेरा दिला. त्याने तो डोळ्याला लावला, खव्याच्या गोळ्याचा एक फोटो काढला, मोठा करून पाहिला.

"फोकस मागं जातोय, न्हाय?"

मी थक्क होऊन म्हटलं, "बोटभर."

"ह्या लेन्सला फोकस उणे सातवर ठेवलेला हुता मी. सगळं पुसलं असंल विकताना." त्याने मेनूत जाऊन चार बटणं दाबली, पुन्हा फोटो काढला. खव्याचा दाणा न् दाणा दिसत होता. "चांगला कॅमेरा हाय," तो म्हणाला आणि परत दिला. मग पाठ फिरवून भट्टीतली लाकडं मागे ओढायला लागला. त्याचे खांदे हलत होते. आम्ही दुसरीकडे पाहिलं.

महानंदाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "आप्पा बोलले का कागद बोलला?" तिने मला विचारलं.

"आप्पा बोलले. महादेवसमोर, माझ्यासमोर."

"ह्यांच्यासमोर?"

मी नकारार्थी मान हलवली.

"चोर म्हणताना चारशे माणूस हुतं. न्हाय म्हणताना एक कागद. तो बी पुण्याच्या बाईकडनं." तिने झेरॉक्सची घडी करून माझ्याकडे सरकवली. "तुमच्यावर राग न्हाय, ताई. तुम्ही आलात ते लई झालं. पर माहेराला न्यायला मुराळी येतो. कागद न्हाय येत."

पंचमीला लेकीला माहेरी न्यायला भाऊ किंवा बाप येतो, तो मुराळी. आमच्याकडे पुण्यात मुली कॅब करून येतात आणि जाताना डबा नेतात. मी म्हटलं, "महादेवला सांगते. तो उद्याच निघेल."

"दादाला नका सांगू." ती पहिल्यांदा घाईने बोलली. "दादाला कळलं तर तो आप्पाला हाताला धरून आणून हितं बसवंल. तसला आलेला आप्पा मला नको. आप्पालाच सांगा, त्यांच्याच कानात. म्हणावं, पंचमीला तुम्ही मुराळी म्हणून या, भट्टीवर दहा माणसं असताना या, आन् ह्यांना बोला. मग मी गाठोडं बांधते. आन् न्हाय जमलं तर ह्या वर्षी बी न्हाय."

मी ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. तिने मान हलवली. शिवराजने अर्धा किलो खवा बांधून दिला. तो नको म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही.

पुणे, शुक्रवार, २५ जुलै

आम्ही वाशीहून एसटीने पुण्याला आलो आणि कॅमेरा अन्वरभाईंबरोबर रविवारीच सोलापूरला गेला. दुकानदार आणि महादेव यांनी तो व्यवहार आपसात मिटवावा, असं दोघांना लेखी कळवलं आहे. संस्थेला अहवाल दिला : फोटोसाठी उत्तम, व्हिडिओला हाताने फोकस करणारा माणूस हवा, पडदा फार वापरलेला, आणि हा कॅमेरा आपण घेऊ नये. शेवटच्या शिफारशीचं कारण विचारलं गेलं. मी "मालकी" एवढा एकच शब्द लिहिला.

एकच काम राहिलं आहे. आप्पांकडे मोबाईल नाही. स्टुडिओचा फोन महादेव उचलतो आणि आप्पांना द्या म्हटलं की सांगतो, जेवायला बसलेत, आत झोपलेत, गावात गेलेत. तो खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. आप्पाच फोनजवळ येत नसावेत. सोमवारपासून पाच वेळा लावला.

काल दुपारी आप्पांनीच उचलला. मी नाव सांगितलं, म्हटलं, महानंदाचा निरोप आहे, फक्त तुमच्यासाठी. पलीकडे ट्रक गेला, मग आणखी एक गेला.

"महादेव भायेर गेलाय," ते म्हणाले. "तो आल्यावर लावा."

आणि ठेवला. पंचमी मंगळवारी आहे. आज दुपारी, महादेव जेवायला जातो त्या वेळी, मी पुन्हा लावणार आहे.